चांदीचा कण आणि नाल्यातला जिवाणू



स्मृतिव्याख्यानात एखाद्या विषयाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. मी तो आज मोडणार आहे. मला एकच मुद्दा मांडायचा आहे आणि त्याच्या विरुद्ध जे बोलता येते तेही आपल्यापुढे ठेवायचे आहे. कारखान्यात मुद्दाम घडवलेले नॅनोकण आज मोज्यांत, रंगांत, उन्हापासून बचाव करणाऱ्या मलमांत, पाण्याच्या गाळण्यांत आणि पिकांवरच्या फवाऱ्यांत आहेत. वापर संपला की ते सांडपाण्यात किंवा मातीत उतरतात, आणि तिथे त्यांची पहिली गाठ जिवाणूंशी पडते. या गाठीबद्दल आपण विचारतो तो प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो : कण जिवाणूंचे काय करतो? माझे म्हणणे असे, की जिवाणू कणाचे काय करतात हा प्रश्न त्याच्या आधी यायला हवा. बाटलीवरची चिठ्ठी वाचून कणाची मारकता कळत नाही. ज्या पाण्यातून, गाळातून आणि चिकट थरांतून तो गेला, त्यांनी त्याचे काय करून सोडले यावर ती ठरते. आणि ही करणी बहुतांशी जिवाणूंची असते. आपल्या चाचण्या आणि आपले नियम मात्र अजून बाटलीपाशीच रेंगाळत आहेत.

आधी आकारमान लक्षात घेऊ. १ ते १०० नॅनोमीटर या टप्प्यातल्या कणाला आपण नॅनोकण म्हणतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय जिवाणू साधारण २००० नॅनोमीटर लांब असतो. एवढा मोठा फरक पाहून वाटते, की कण सहज आत शिरत असेल. तसे होत नाही. माणसाच्या पेशीला आपले पटल आत दुमडून बाहेरची वस्तू गिळता येते. जिवाणूला ते जमत नाही. त्याच्याभोवती ताठ भित्तिका असते, आणि ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या बाहेरच्या पटलात जी छिद्रे असतात ती जेमतेम एक नॅनोमीटर रुंद असतात. वीस नॅनोमीटरचा कण तिथून जाणार कसा? म्हणजे पटल आधी फाटले नसेल तर कण आणि जिवाणू यांचा सगळा व्यवहार पेशीच्या बाहेर होतो : कणातून सुटणाऱ्या आयनांमार्फत, पटलाला चिकटण्यामार्फत, आणि जिवाणू स्वतःभोवती जे काही सोडतो त्याच्यामार्फत. माझा पुढचा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे. व्यवहार बाहेर होत असेल, तर बाहेर काय आहे याला आतल्या यंत्रणेइतकेच महत्त्व येते.

उदाहरण म्हणून चांदी घेतो, कारण तिच्याबद्दल सर्वाधिक अभ्यास झाला आहे. नॅनोचांदी ही एकविसाव्या शतकाची देणगी आहे असे जाहिराती सांगतात, ते खरे नाही. अमेरिकेतल्या केरी ली या रसायनज्ञाने १८८९ मध्येच चांदीचे असे द्रावण तयार केले होते, ज्यातले कण आजच्या व्याख्येत सहज बसतात. १८९७ पासून ‘कोलार्गोल’ या नावाने असे चांदीचे औषध बाजारात होते. बदलला तो वापराचा पसारा. २००८ मध्ये ॲरिझोना राज्य विद्यापीठातल्या बेन आणि वेस्टरहॉफ यांनी दुकानात मिळणारे ‘वास न येणारे’ मोजे पाण्यात घोळून पाहिले. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली, तर काहींनी ती जवळपास सोडलीच नाही. मोजे बनवण्याच्या पद्धतीने इतका फरक पडू शकतो, हे त्या निबंधातले मला सर्वांत मोलाचे वाटते. पण ते असो. मोज्यातून निघालेली चांदी गटारात जाते, आणि आपल्याला तिच्या मागोमाग जायचे आहे.

चांदीचा कण मारतो कसा, यावर काही वर्षे वाद होता. २००८ मध्येच मिसुरीतल्या चोई आणि सहकाऱ्यांनी अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू घेतले. लिटरमागे एक मिलिग्रॅम चांदी दिली, तेव्हा कणांच्या रूपातल्या चांदीने त्यांची श्वसनक्रिया ८६ टक्क्यांनी घटवली आणि आयनांच्या रूपातल्या चांदीने ४२ टक्क्यांनी. यावरून कणाच्या अंगीच काही वेगळे विष आहे असा निष्कर्ष निघतो, आणि अनेकांनी तो काढला. चार वर्षांनी टेक्सासमधल्या राइस विद्यापीठात पेद्रो अल्वारेझ यांच्या गटाने एक साधी पण चोख युक्ती केली. त्यांनी ऑक्सिजन काढून घेतला. ऑक्सिजन नसेल तर चांदीचा कण गंजत नाही, आणि गंजत नसेल तर आयन सोडत नाही. अशा वातावरणात, आयन-चांदीच्या मारक मात्रेपेक्षा हजारो पटींनी अधिक कण घातले तरी ई. कोलाय मेला नाही. म्हणजे मारतो तो आयन; कण हा त्याचा साठा आणि त्याचे वाहन. मग ८६ आणि ४२ चा हिशेब कसा लावायचा? आयन मोकळा सोडला तर वाटेतले क्लोराइड, गंधकयुक्त प्रथिने आणि सेंद्रिय द्रव्ये त्याला आधीच पकडतात. कण मात्र पटलाला चिकटून अगदी उंबऱ्यावर आयन सोडू शकतो. दोन्ही प्रयोग खरे, आणि दोन्ही मिळून एकच सांगतात, की आजूबाजूला काय आहे हे पाहिल्याशिवाय मारकतेचा आकडा निरर्थक आहे.

आता गटारात उतरू. साबण, मूत्र आणि अन्नाचे अवशेष यांमुळे सांडपाण्यातला ऑक्सिजन लवकर संपतो. तिथे सल्फेटपासून सल्फाइड बनवणारे जिवाणू राज्य करतात. नाल्याला येणारी सडक्या अंड्याची घाण ही त्यांचीच. चांदीला गंधकाची ओढ किती जबर असते, हे घरच्या समईच्या शेजारी काळ्या पडलेल्या चांदीच्या वाटीवरून कोणालाही ठाऊक आहे. नाल्यात तेच घडते, फक्त फार वेगाने. २०१० मध्ये व्हर्जिनिया टेकमधल्या किम आणि होचेला यांच्या गटाला अमेरिकेतल्या एका शहरी शुद्धीकरण प्रकल्पाच्या गाळात ५ ते २० नॅनोमीटर आकाराचे सिल्व्हर सल्फाइडचे स्फटिक सापडले. ही चांदी प्रयोगासाठी कोणी घातलेली नव्हती. शहरानेच ती सोडली होती. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या केगी आणि सहकाऱ्यांनी प्रायोगिक शुद्धीकरण प्रकल्पात धातुरूप चांदीचे कण सोडले, तेव्हा ऑक्सिजनविरहित टाकीत दोन तासांच्या आत त्यांचे सल्फाइड होऊ लागले आणि बहुतेक सगळी चांदी गाळात गेली. सिल्व्हर सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. २०१२ मध्ये राइन्श आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की कणाचा थोडाच भाग सल्फाइडमध्ये बदलला तरी ई. कोलायवरचा त्याचा प्रभाव स्पष्टपणे घटतो. ज्या कणाच्या मारकतेवर निबंधांचे डोंगर रचले गेले, तो कण गटाराच्या तोंडापासून काही तासांत दुसराच पदार्थ झालेला असतो, आणि ते ज्यांनी केले त्यांनी त्यासाठी वेगळे काही केलेले नसते. ते नेहमीसारखे श्वसन करत असतात.

यात नवल वाटायचे कारण नाही, कारण धातूच्या नॅनोकणांशी जिवाणूंची ओळख आपल्यापेक्षा अब्जावधी वर्षांनी जुनी आहे. रिचर्ड ब्लेकमोर यांनी १९७५ मध्ये ज्यांचे वर्णन प्रसिद्ध केले ते चुंबकीय जिवाणू आपल्या पोटात मॅग्नेटाइटचे नॅनोस्फटिक एका ओळीत मांडतात आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने पोहतात. १९९९ मध्ये तान्या क्लाउस आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या खाणीतून मिळालेल्या स्यूडोमोनास जिवाणूच्या पेशीत दोनशे नॅनोमीटरपर्यंतचे चांदीचे स्फटिक दाखवले. आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सुमारास बुरशीकडून चांदीचे कण करून घेतले. २००३ मधले त्यांचे फ्युजेरियम बुरशीवरचे काम जगभर उद्धृत होते. बुरशी म्हणजे जिवाणू नव्हे, पण तत्त्व तेच. मला या सगळ्यांहून अधिक बोलके वाटते ते २००७ मधले मोरो आणि सहकाऱ्यांचे निरीक्षण. विस्कॉन्सिनमधल्या एका सोडून दिलेल्या, पाणी भरलेल्या खाणीत सल्फेट वापरणारे जिवाणू झिंक सल्फाइडचे काही नॅनोमीटरचे कण तयार करतात. ते कण सुटे राहिले असते तर पाण्याबरोबर दूर गेले असते. पण जिवाणूंची प्रथिने त्यांना गोळा करून घट्ट गोळे बनवतात, आणि धातू जागच्या जागी अडकतो. मोकळ्या जगातले बहुसंख्य जिवाणू एकेकटे पोहत नाहीत. शर्करा, प्रथिने आणि केंद्रकाम्ले यांच्या चिकट थरात वस्ती करून राहतात. हा थर कणांना अडवतो, झाकतो, एकत्र बांधतो. प्रयोगशाळेत मात्र आपण मांसरसाच्या स्वच्छ द्रावणात सुटे पोहणारे जिवाणू घेतो, त्यात कालच तयार केलेले कण घालतो, आणि चोवीस तासांनी मेलेले मोजतो. ही परीक्षा घेण्यात चूक नाही. तिच्या निकालावरून नदीबद्दल बोलण्यात आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. जिवाणू कणाला असे निष्प्रभ करत असतील, तर काळजीचे कारण काय? उद्योगाला अगदी हवा असलेला निष्कर्ष आपणच काढून देत नाही का? याचे उत्तर ड्यूक विद्यापीठाच्या २०१३ मधल्या प्रयोगात आहे. कोलमन आणि सहकाऱ्यांनी उघड्यावर, झाडे लावलेल्या मोठ्या पेट्यांत मातीवर सांडपाण्याचा गाळ पसरला आणि त्यातून किलोभर मातीला केवळ ०.१४ मिलिग्रॅम एवढी नॅनोचांदी दिली. तरी सूक्ष्मजीवांचे वस्तुमान घटले, एका वनस्पतीची वाढ सुमारे एकतृतीयांशाने कमी झाली, आणि नायट्रस ऑक्साइड या वायूचे उत्सर्जन एका टप्प्यावर साडेचार पटींच्या आसपास गेले. चौपट मात्रेत दिलेल्या विरघळणाऱ्या चांदीच्या परिणामांशी हे परिणाम तुलनेला उतरतात. मग स्विस प्रयोग खोटा की अमेरिकन? माझ्या मते दोन्ही खरे, आणि फरक क्रमाचा आहे. ड्यूकचे कण सांडपाण्याच्या प्रवासातून आलेले नव्हते; ते गाळात वेगळे मिसळलेले होते. सल्फाइड होण्याआधी कणाला मातीतला ऑक्सिजन आणि मातीतले नायट्रोजनचक्राचे जिवाणू भेटले, तर त्याची गोष्ट वेगळी होते. म्हणून जिवाणू कणाला बदलतात हे माझे म्हणणे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नाही. कोणत्या वाटेने गेलेला कण आपण तपासतो आहोत, हे विचारायला ते भाग पाडते. जस्ताकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. झिंक ऑक्साइडचे कणही गाळात सल्फाइड होतात. पण तोच गाळ हवा लागू देऊन कुजवला, तर जस्त पुन्हा सुटते आणि फॉस्फेटशी व लोहाच्या ऑक्साइडशी बांधले जाते, हे लोंबी आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे. चांदीचे सल्फाइड त्या मानाने हट्टी. एका धातूवरून दुसऱ्याबद्दल बोलण्याची घाई करू नये.

दुसरा आक्षेप प्रतिकारशक्तीचा, आणि तो माझ्या युक्तिवादाला विरोध करतो त्यापेक्षा बळच अधिक देतो. असे म्हटले जाते, की चांदी जिवाणूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते, म्हणून तिच्याविरुद्ध प्रतिकार निर्माण होणार नाही. इतिहास याच्या उलट आहे. बोस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात सिल्व्हर नायट्रेट वापरले जात असे. तिथे चांदीला न जुमानणारा साल्मोनेला पसरला, तीन रुग्ण दगावले आणि कक्ष बंद ठेवावा लागला. १९७५ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्या जिवाणूतल्या प्लाझ्मिडवरची, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनए-वर्तुळावरची, चांदी बाहेर फेकणारी जनुके १९९९ मध्ये उलगडली, आणि त्याच प्लाझ्मिडवर अनेक प्रतिजैविकांविरुद्धची जनुकेही होती. म्हणजे चांदीचा दाब पडला की प्रतिजैविकांचा प्रतिकारही आयताच निवडला जातो. ही आयनाची गोष्ट झाली. कणाची गोष्ट याहून मासलेवाईक आहे. चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथे पानाचेक आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय आणि स्यूडोमोनास यांना पुन्हा पुन्हा नॅनोचांदी दिली. ते सरावले, पण जनुकांत बदल करून नव्हे. त्यांनी फ्लॅजेलिन हे कशाभिकेचे प्रथिन अधिक सोडायला सुरुवात केली, आणि त्या प्रथिनाने कण एकमेकांना चिकटून गोळे झाले. गोळा झालेला कण निरुपयोगी. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि त्यात उपायही होता : डाळिंबाच्या सालीच्या अर्काने फ्लॅजेलिनची निर्मिती रोखली, की कणांचा प्रभाव परत येतो. विस्कॉन्सिनच्या खाणीत आणि ओलोमोउत्सच्या काचपात्रात घडते ते एकच : जिवाणू प्रथिन सोडतो आणि कणाचे रूप बदलते. प्रतिकार म्हणजे आतल्या जनुकाचा बदल, ही वैद्यकशास्त्राची सवय इथे अपुरी पडते. अर्थात जनुकेही स्वस्थ बसत नाहीत. २०१२ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले, की ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या नॅनोकणांमुळे ई. कोलायकडून साल्मोनेलाकडे प्रतिकाराची जनुके जाण्याचे प्रमाण दोनशे पटींपर्यंत वाढू शकते. त्या प्रयोगातली मात्रा नदीत सापडेल त्यापेक्षा बरीच मोठी होती, हे त्यासोबत सांगायला हवे. नाहीतर आपणही जाहिरातदारांच्या पंगतीत जाऊन बसू.

आता हे सगळे आपल्या नाल्यावर आणून पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधल्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. उभारलेली शुद्धीकरणक्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची आहे, आणि प्रत्यक्षात शुद्ध होते ते २०,२३५. स्वित्झर्लंडमधला कण टाकीत जातो, तिथे गाळात बसतो, आणि तो गाळ कुठे जातो याची नोंद असते. आपल्याकडचे बहुसंख्य कण थेट नदीत जातात. मुळा-मुठा किंवा मिठी उन्हाळ्यात ज्या अवस्थेत असतात त्यात ऑक्सिजन कमी आणि सल्फाइड भरपूर. तेव्हा चांदीला तिथेही सल्फाइड व्हायला हरकत नसावी. पण जून उजाडला की पूर येतो, तळचा गाळ ढवळला जातो, हवेशीर पाण्यातून वाहतो आणि शेतांवर पसरतो. आठ महिने एक रसायन आणि चार महिने दुसरे, ही आपल्या नद्यांची रीत आहे, आणि तिच्यात कण काय होतो हे युरोपीय टाकीच्या आकड्यांवरून ठरवता येणार नाही.

तिसरा आक्षेप धोरणाचा : प्रत्येक कणाच्या प्रत्येक वाटेची परीक्षा घ्यायची म्हटले तर कोणतेही उत्पादन बाजारात येणार नाही. या आक्षेपात तथ्य आहे, आणि तो करणाऱ्यांत केवळ कारखानदार नाहीत. गरिबाला स्वस्त गाळणी मिळावी म्हणून झटणारे संशोधकही आहेत. भाताच्या तुसाची राख आणि नॅनोचांदी यांच्यावर चालणारी घरगुती गाळणी भारतात २००९ मध्ये आली, आणि अशा गाळणीने वाचवलेल्या जुलाबांपुढे तिच्यातून सुटणारी चांदी क्षुल्लक ठरेल, असेच मला वाटते. पण माझी मागणी सगळे तपासा अशी नाही. नव्या कणाऐवजी वापरून झालेला कण तपासा, एवढीच आहे. हे अशक्य नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१७ मध्ये कणांचे विखुरलेपण नैसर्गिक पाण्यासारख्या द्रावणात तपासण्याची पद्धत, क्रमांक ३१८, प्रमाणित केली. भारतानेही २०२० मध्ये नॅनो-आधारित शेती व अन्न उत्पादनांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. म्हणजे दार उघडलेले आहे; आत जाऊन तपासायचे ते स्थानिक पाण्यात आणि स्थानिक मातीत. नॅनो युरिया या खतावरून जो गदारोळ चालतो तो या दृष्टीने दुय्यम आहे. युरिया उपयोगी पडतो की नाही हा खरा वाद आहे, पण युरिया शेवटी विघटित होतो. धातूचे तसे नाही. तो रूप बदलतो आणि राहतो.

म्हणून महाराष्ट्रात माझे लक्ष सांगोला-पंढरपूरच्या डाळिंबबागांकडे जाते. तिथला तेल्या हा झॅन्थोमोनास जिवाणूचा रोग, आणि त्यावर बागायतदार वर्षानुवर्षे तांबे आणि स्ट्रेप्टोमायसिनयुक्त औषध फवारत आले आहेत. नेहमीच्या तांब्याच्या तुलनेत अगदी अल्प मात्रेत नॅनोतांबे या जिवाणूची वाढ रोखते, असा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात आहे, आणि तो खरा असेल तर जमिनीत जाणारे तांबे कमी होईल, ही मोठी गोष्ट आहे. पण तो काचपात्रातला निष्कर्ष आहे. बागेत पडलेला कण चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनीत जाईल, तिथल्या चिकट थरांत अडकेल, ऑक्साइड होईल, सेंद्रिय द्रव्याशी बांधला जाईल. आणि पानावर उरलेला झॅन्थोमोनास, ज्याच्या भाऊबंदांत तांब्याच्या प्रतिकाराची जनुके प्लाझ्मिडवर सापडलेली आहेत, त्याच बागेत स्ट्रेप्टोमायसिनचाही मारा सोसत असेल. दोन्ही औषधे एकाच पंपातून जातात, त्यामुळे एकाचा प्रतिकार दुसऱ्याच्या आडून वाढला तर तो कोणाच्या लक्षात येणार नाही. याची राखण करायला दशकोटींची यंत्रे लागत नाहीत. तांब्याचे रासायनिक रूप ओळखणारी महागडी क्ष-किरण तपासणी वर्षातून एकदा, मोजक्या बागांतून झाली तरी चालेल. तांबे मिसळलेल्या माध्यमावर आणि स्ट्रेप्टोमायसिन मिसळलेल्या माध्यमावर बागेतला झॅन्थोमोनास वाढतो का, हे मात्र दर हंगामाआधी आणि हंगामानंतर पाहायला हवे; त्याला एक उबवणपेटी, काही काचतबकड्या आणि तीन-चार दिवस पुरतात, आणि तेवढी सोय आपल्या प्रत्येक कृषी महाविद्यालयात आहे.